बिननावाचा मुखत्यार

उल्हासनगरात कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जनविसापाशी मुखत्यारपत्राचा जो नमुना असतो, त्यात कलमे पक्की असतात, परंतु लिहून देणाराची, लिहून घेणाराची व मिळकतीची जागा कोरी असते. आणि ती कोण भरणार याची नमुना करणाऱ्यास यत्किंचितही फिकीर नसते. संगणकाच्या भाषेत 'जेनेरिक डेलिगेट' म्हणून जो वावरतो, तो याच गोत्रातला दस्तऐवज होय. काय घ्यावे आणि काय परत द्यावे एवढेच तो बांधून देतो. काम कोणत्या फंक्शनने करावे, याविषयी तो उदासीन असतो.

२००२ साली सी शार्प भाषा अवतरली तेव्हा डेलिगेट तिच्यात होता, पण कोऱ्या जागांवाचून. जीन्सच्या घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांतून दहा हजारांवरची तेवढी वेगळी काढायची, तर बिलांसाठी एक डेलिगेट, आकड्यांसाठी दुसरा, आणि एका ओळीच्या तपासणीसाठी यथासांग नामकरण केलेले फंक्शन, असा सरंजाम लागे. कारण प्रत्येक कामाला घर आणि नाव हवेच, हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड परंपरेचा दंडक. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत, डॉन साइम व अँड्र्यू केनेडी यांनी केंब्रिजमध्ये आखलेली जेनेरिक्स आली. नमुन्यात जागा कोरी सुटली, आणि त्याच आवृत्तीत नावाची सक्तीही उठली. २००७ मध्ये सगळे काम 'बिल => बिल.रक्कम > १००००' एवढ्यात आटोपले. नव्याचे कौतुक करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकातच लॅम्डा या ग्रीक अक्षराने बिननावाची फंक्शने मांडली होती, आणि मॅकार्थींच्या लिस्पने ती १९५८ पासून संगणकावर आणली.

नावावाचून अडत नाही, हे आमच्या मुलखाला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली, १९४९ साली तिचे रीतसर 'उल्हासनगर' असे नामकरणही झाले. तरी रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प नंबर तीन' म्हटले की पुरते.

याच कॅम्पांनी मला एकदा फसवले. अंबरनाथला मुलांना शिकवताना मी एक ते पाच क्रमांकांवर फॉरईचचे लूप फिरवून प्रत्येकासाठी एक बिननावाचे फंक्शन साठवले आणि मग ती पाचही क्रमाने चालवली. पाचांनीही 'कॅम्प नंबर पाच' असेच उत्तर दिले. असे फंक्शन बाहेरच्या व्हेरिएबलची नक्कल घेत नाही, मूळ व्हेरिएबलच धरून ठेवते. बदलापूर हे नाव तेथे घोडे बदलत यावरून पडले असे सांगतात; इथे स्वाराच्या नकळत घोडा बदलला होता. २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत फॉरईचला दर फेरीस नवे व्हेरिएबल मिळू लागले आणि तो घोळ मिटला; साध्या फॉरच्या लूपात मात्र तो अजून आहे तसाच आहे.