बंद खिडक्यांमागचा हिशेब

फिलाडेल्फिया, 19 जुलै 1787. सदरा घामाने पाठीला चिकटलाय, पण अमेरिकेची राज्यघटना लिहायला भरलेल्या सभेच्या खिडक्या घट्ट बंद. आतला शब्द बाहेर जायला नको. दाराशी पहारा. अध्यक्षांच्या खुर्चीत जॉर्ज वॉशिंग्टन, गप्प. त्यांच्या पुढ्यात लहान चणीचा एक माणूस भराभर टिपणं काढतोय. हे व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन. कागद दिसेल असे त्यांच्या मागे उभे राहा.

वाद आहे राष्ट्राध्यक्ष कुणी निवडायचा याचा. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन म्हणताहेत, जनतेने. परवाच जॉर्ज मेसन यांनी त्यावर टोमणा मारला होता : आंधळ्याला रंग पारखायला सांगण्यासारखंच हे! आता मॅडिसन उठतात. जनतेने निवडणं हेच सगळ्यांत योग्य, असं ते म्हणतात. तुम्हाला हायसं वाटतं न वाटतं तोच ते पुढे सांगतात की, उत्तरेत मतदार जास्त. दक्षिणेतल्या गुलामांना मतच नाही, म्हणजे त्यांच्यापायी दक्षिणेच्या पदरात काहीच पडणार नाही. निर्वाचक नेमले की ही अडचण मिटते.

कुणी चमकतही नाही. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, हे प्रतिनिधीगृहाचं गणित आठवड्यापूर्वी याच दालनात ठरलंय. निर्वाचकांची संख्या त्या जागांना जोडली की ज्याला मत नाही त्याचं वजन मालकाच्या राज्याला मिळतं. लहान राज्यांना आधार हवा होता हेही खरं, पण तेवढंच कारण सांगणाऱ्यांना हा दिवस दाखवायला हवा.

आता 17 सप्टेंबर 1970. वॉशिंग्टन, सिनेटची प्रेक्षक गॅलरी. खाली इंडियानाचे बर्च बाय, वय 42. निर्वाचकांची ही पद्धत, म्हणजे इलेक्टोरल कॉलेज, मोडून थेट मतदान आणायची घटनादुरुस्ती त्यांनी इथवर आणलीय. प्रतिनिधीगृहाने ती वर्षापूर्वी 338 विरुद्ध 70 अशी मंजूर केली, निक्सनही अनुकूल. पण साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड आणि त्यांच्या साथीदारांनी भाषणांचं गुऱ्हाळ लावलंय. चर्चा आवरण्याच्या ठरावावर मोजणी होते : बाजूने 54, विरोधात 36. दोन तृतीयांशाला सहा कमी. बारा दिवसांनी पुन्हा प्रयत्न, 53 विरुद्ध 34. पाच कमी. ज्याला जास्त मतं तो जिंकला, एवढंच म्हणणारा प्रस्ताव जास्त मतं मिळवूनही अडकतो!

विरोधक सगळे दक्षिणेतलेच होते, असं समजून उठू नका. 1979 मध्ये बाय यांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डन विरोधात उभे राहिले. मोठ्या, अटीतटीच्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदार पारडं फिरवू शकतात. थेट मतदानात ते वजन हरपेल, हा त्यांचा मुद्दा. तो मला अजूनही सहज खोडता येत नाही. त्या वेळी 51 विरुद्ध 48. हवी होती 66.

6 जानेवारी 2001 ला निर्वाचकांची मतं मोजणाऱ्या संयुक्त अधिवेशनात डोकावा. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर. देशभरात त्यांना प्रतिस्पर्धी बुश यांच्यापेक्षा सुमारे 5.4 लाख मतं जास्त, फ्लोरिडात 537 कमी. तिथल्या निकालावर प्रतिनिधीगृहाचे सदस्य एकामागून एक हरकत घेतात. एकाही सिनेटरची सही नाही, म्हणून गोर स्वतःच त्या फेटाळतात आणि 271 विरुद्ध 266 असा आपला पराभव जाहीर करतात.

परत या, आजचा हिशेब मांडा. आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, सिक्कीमच्या 7. तिथे आधार लोकसंख्येचा, तीही 1971 ची. अमेरिकेत उलटं. वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे जेमतेम 1.9 लाख माणसं, कॅलिफोर्नियात 7.3 लाख.

घटनादुरुस्तीला 38 राज्यांची संमती लागते, म्हणून 2007 मध्ये मेरीलँडने आडवाट धरली : 270 निर्वाचकांइतकी राज्यं जमली की सगळ्यांनी आपले निर्वाचक देशभरच्या विजेत्याला द्यायचे. युक्ती हुशार आहे, पण कच्ची. राज्याचा कायदा उद्या तेच राज्य फिरवू शकतं. आणि उमेदवार जिथे महिनोन्‌महिने तळ ठोकतात, त्या विस्कॉन्सिनने यात का पडावं?