मुक्या माराचा दस्तऐवज

इतिहास कागदांतच सापडतो, अशी माझी समजूत होती. ऑस्ट्रेलियातील १९७४ सालचे एक संशोधन वाचले आणि ती मोडली. कत्तलखान्यात सोललेल्या गुरांवरचे मुके मार तिथे तपासले होते. माराने खराब झालेले, कापून टाकावे लागलेले मांस शिंगे असलेल्या कळपांत बिनशिंगी कळपांच्या जवळजवळ दुप्पट भरले. पुढे शिंगांची नुसती टोके छाटून पाहिली. मार कमी झाला नाही. बुजऱ्या जनावराचे आणखी वेगळे: ताणाने स्नायूंतली साखर आधीच संपते आणि मांस काळपट पडते.

मुका मार उठतो तो अंगात रक्त फिरते आहे तोवरच. म्हणजे तो डाग हा जनावराच्या अखेरच्या प्रवासाचा दस्तऐवज. पोळ्याला शिंगे रंगवणाऱ्या घरातला मी. तो मला नुसता किलोंचा हिशेब म्हणून वाचता आला नाही.