तात्यापाऱ्यातल्या काजळीचं कूळ

रायपूरच्या तात्यापाऱ्यात सकाळी गच्ची झाडावी, तर संध्याकाळी अनवाणी फिरणाऱ्याचे तळवे पुन्हा काळे. वाहनं, उकरलेले रस्ते, पेटवलेला कचरा हे सगळे त्यात वाटेकरी आहेतच. पण काजळी खरी घराणेदार, आणि तिचं मूळ मी मैकल डोंगरात दगडातून लोखंड काढणाऱ्या अगरियांच्या भट्टीत धरतो.

व्हेरियर एल्विन यांच्या 1942 सालच्या ‘द अगरिया’त या जमातीची तीन दैवतं भेटतात: लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर. मातीची बुटकी भट्टी, पायाने दाबायचे भाते, सालाच्या लाकडाचा कोळसा. लोखंड वितळायचं नाही; कोळसा दगडातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा आणि उरायचा सच्छिद्र गोळा. रायपूरजवळच्या सिलतरा-उरला भागात स्पंज आयर्नच्या फिरत्या किल्नमध्ये हजारेक अंशांवर हेच तर चालतं!

जाणकार लगेच अडवतील. किल्नचं कूळ परदेशी: एसएल/आरएन पद्धत, म्हणजे स्टेल्को, लुर्गी, रिपब्लिक स्टील आणि नॅशनल लेड, 1980 साली ती तेलंगणातल्या पालवंचाला आली. शिवाय अगरियांच्या भट्टीत मळी वितळून वाहायची, किल्नमध्ये काहीच वितळू देत नाहीत. दोन्ही मान्य. तरी लोखंड न वितळवता दगडातून सोडवायची युक्ती एकच, आणि माझ्या लेखी नातं युक्तीवरून ठरतं, पेटंटवरून नव्हे.



बिघडलं ते एवढंच: लोहासुर तोच राहिला, कोयलासुर बदलला. इंग्रजी अमदानीत जंगलकायदे, भट्टीवरचा कर आणि विलायती लोखंड यांनी अगरियांचा धंदा बुडवला. सालाच्या कोळशात राख नावापुरती असे. आता किल्नमध्ये जळणाऱ्या कोरब्याच्या दगडी कोळशात ती वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त निघते. टनभर स्पंज आयर्नला असला कोळसा टनाहून अधिक लागतो. जड भाग डोलोचार म्हणून खाली राहतो, हलकी राख वायूबरोबर निघते. हिवाळ्यात वारा उत्तरेचा, सिलतराही उत्तरेलाच. थंड हवा जमिनीलगत बसली की ती राख शहरावरच रेंगाळते.

तिला अडवायला ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, असतो. विजेच्या भाराने तो कण पत्र्याला चिकटवतो. वीज गेली की धुराच्या वाटेवरची आणीबाणीची टोपी उघडते आणि धूर त्याला वळसा घालून थेट आभाळात जातो. वीज वाचवायला रात्री ईएसपी बंदच ठेवतात, हा रायपूरकरांचा जुना आरोप. त्याची शहानिशा चिमणीकडे बघत बसून व्हायची नाही. प्रत्येक ईएसपीला वेगळं वीजमीटर लावून त्याचे रात्रीचे आकडे वाचावेत.