ओळख, वळण आणि उपयोग : चीनमधील अक्षरशिक्षणाची परंपरा

चिनी लिपीतील प्रत्येक चिन्ह साधारणतः एका उच्चाराचे आणि एका अर्थाचे निदर्शक असते. मोजकी मुळाक्षरे शिकून कोणताही मजकूर वाचण्याची सोय या लिपीत नसल्यामुळे, हजारो चिन्हे मुलांना कशी शिकवावीत, हा प्रश्न चिनी शिक्षणपरंपरेत आरंभापासून महत्त्वाचा ठरला. चिन्ह ओळखणे, ते लिहिणे आणि ते वापरणे ही तीन वेगळी कौशल्ये असून त्यांचा अभ्यास वेगवेगळ्या साधनांनी व्हावा, असे उत्तर तेथील पाठशाळांनी दीर्घ अनुभवातून शोधले.

प्राचीन काळी ही विद्या मुख्यतः राज्यकारभारातील लेखनिकांकडे होती. हूपे प्रांतात चांगच्याशान येथील एका थडग्यात मिळालेल्या बांबूच्या पट्ट्यांवर इ. स. पू. १८६ च्या सुमाराचे हान राजवटीचे कायदे लिहिलेले आहेत. त्यांनुसार लेखनिकांची मुले वयाच्या सतराव्या वर्षी शिक्षणास आरंभ करीत, आणि तीन वर्षांनंतरच्या परीक्षेत पाच हजारांहून अधिक चिन्हे म्हणता व लिहिता आली, तरच त्यांना लेखनिकाचे पद मिळे.

पुढे सामान्य पाठशाळांत ओळखीचे काम पाठांतराच्या पुस्तकांकडे आले. ल्यांग राजवटीतील सम्राट वू (कारकीर्द इ. स. ५०२–५४९) याच्या आज्ञेवरून चौ शिंग्स या विद्वानाने रचलेल्या ‘सहस्राक्षरी’त चार-चार चिन्हांच्या अडीचशे ओळी असून, त्यांत चिन्हांची पुनरुक्ती जवळजवळ नाही. मुले ती सुरात घोकत आणि अर्थाचे विवरण बहुधा नंतर होई. ‘सहस्राक्षरी’तील चिन्हांचा क्रम इतका सर्वपरिचित झाला की राजसेवेच्या परीक्षागृहातील खोल्यांच्या रांगांना क्रमांकाऐवजी त्यातील चिन्हे दिली जात. मात्र केवळ घोकंपट्टीवर समाधान न मानणारे शिक्षकही होते. एकोणिसाव्या शतकातील वांग युन या भाषापंडिताने असा आग्रह धरला की प्रथम सूर्य, चंद्र यांसारखी सुटी चिन्हे प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवावीत, मग त्यांच्या संयोगाने बनलेली जोडचिन्हे घ्यावीत, आणि सुमारे दोन हजार चिन्हांची ओळख झाल्यावरच ग्रंथवाचन सुरू करावे.

लेखनाचा पाठ याहून स्वतंत्र असे, कारण पाठांतरातील चिन्हे पुष्कळदा गुंतागुंतीची असत आणि कोवळ्या हाताला ती झेपत नसत. म्हणून लाल शाईत छापलेली मोजक्या रेघांची सोपी चिन्हे मुले काळ्या शाईने गिरवीत. त्याआधी गुरुजी मुलाचा हात हाती धरून कुंचला फिरवीत, नंतर पातळ कागदाखाली कित्ता ठेवून आणि शेवटी कित्ता शेजारी ठेवून सराव होई. कुंचल्याच्या वळणाचे मूलभूत आठ प्रकार ‘योंग’, म्हणजे चिरंतन, या एकाच चिन्हात सामावलेले असल्याने सुलेखनाच्या अभ्यासात त्याला विशेष स्थान लाभले.

तिसरे कौशल्य उपयोगाचे होय, आणि परंपरेतील सर्वांत सर्जनशील भाग येथेच आढळतो. गुरुजींनी एक शब्द द्यावा आणि विद्यार्थ्याने त्याच व्याकरणिक जातीचा, अर्थाने जुळणारा आणि स्वराच्या चढउतारात विरोधी असा दुसरा शब्द सांगावा, असा हा जोडीचा पाठ असे. एका शब्दापासून आरंभ होऊन तो पूर्ण ओळीपर्यंत वाढे, आणि व्याकरणाचे पुस्तक नसतानाही मुलाला नाम, क्रियापद व अव्यय यांचा भेद उमजे. इतिहासकार छन यिनके यांनी १९३२ मध्ये छिंगह्वा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत असाच प्रश्न घातला. त्यावर टीका झाली, तेव्हा शब्दभेद, स्वर आणि शब्दसंपत्ती यांची परीक्षा या एकाच प्रश्नातून होते, असे समर्थन त्यांनी केले.

ज्ञान उपयोगापर्यंत न पोचल्यास काय होते, हे लू शुन यांच्या १९१९ च्या ‘खोंग यीची’ या कथेत दिसते. नायकाचे टोपणनावच गिरवण्याच्या कागदावरील ओळीतून आले आहे. बडीशेपेच्या नावातील एका चिन्हाची चार रूपे त्याला ठाऊक आहेत. पोट भरण्याचा मार्ग मात्र त्याला सापडत नाही. १९०५ मध्ये राजसेवेच्या परीक्षा बंद झाल्या, १९५६ मध्ये चिन्हांच्या सुलभीकरणाची योजना जाहीर झाली आणि १९५८ मध्ये उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ‘पिनयिन’ पद्धती अधिकृत ठरली, तरी हजारो चिन्हे कशी शिकवावीत, हा शिक्षणाचा मूळ प्रश्न कायम राहिला.

२०११ च्या अभ्यासक्रमाने पहिल्या दोन इयत्तांत सुमारे १६०० चिन्हे ओळखण्याची, पण त्यांतील सुमारे ८००च लिहिण्याची अपेक्षा ठेवली. २०१७ पासून देशभर लागू होत गेलेल्या पाठ्यपुस्तकात पिनयिनच्या आधी काही चिन्हे शिकवली जातात आणि पहिलीतच जोडीच्या शब्दांचे गीतही आहे. ओळख आणि लेखन यांचे ओझे वेगळे ठेवणे ही जुन्या पाठशाळांची दृष्टी येथे नव्या रूपात मान्य झाली आहे. या परंपरेचा खरा निकष मात्र तिसऱ्या पायरीवरच लागतो : वाचलेले आणि गिरवलेले चिन्ह विद्यार्थी स्वतःच्या वाक्यासाठी विचारपूर्वक निवडतो, तेव्हाच ते त्याला आले असे म्हणता येते.