तिकिटावरील अंक आणि त्याचा शब्द

दिनांक २४ मे १९५६ रोजी, वैशाख पौर्णिमेस, भारतीय डाक खात्याने बुद्ध जयंतीनिमित्त दोन तिकिटे प्रसृत केली. एक दोन आण्यांचे, दुसरे चौदा आण्यांचे, दोहोंवर बोधिवृक्ष. त्याच दिवशी मुंबईच्या नरे पार्कवरील सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्माचा स्वीकार करणार असल्याचे जाहीर केले. शासनाच्या दृष्टीने तो दिवस २५०० व्या जयंतीच्या उत्सवाचा होता. नरे पार्कवर जमलेल्यांना त्याचा अर्थ निराळा होता, हे सांगावयास नको.

परंतु आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो २५०० या अंकाचा. जयंती म्हणजे जन्मदिन, आणि हा अंक जन्मापासून मोजलेला नाही. स्थविरवादी परंपरेनुसार भगवंतांचे महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी ५४४ मध्ये झाले. ५४४ आणि १९५६ यांची बेरीज २५०० होते. भगवंतांचे आयुष्य ८० वर्षांचे, तेव्हा जन्मापासून मोजावयाचे तर हा अंक २५८० भरला असता. जन्म, संबोधी व महापरिनिर्वाण या तिन्ही घटना वैशाख पौर्णिमेच्याच मानल्या गेल्यामुळे 'जयंती' हा शब्द सोयीने रूढ झाला आणि अंक भलत्याच शब्दाशेजारी जाऊन बसला. थायलंडमध्ये तर परिनिर्वाणास एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिला अंक धरतात. म्हणून तेथे २५०० हे वर्ष १९५७ मध्ये आले आणि त्यांची तिकिटेही त्याच वर्षी निघाली.

अंकाचा शब्द सुटला की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखात सापडते. रूपनाथ, सहसराम इत्यादी ठिकाणच्या या लेखात २५६ हा अंक कोरलेला आहे. ब्राह्मी लिपीत त्या काळी शून्य नव्हते. २००, ५० व ६ यांची तीन स्वतंत्र चिन्हे एकापुढे एक येतात. गेऑर्ग ब्यूलर या थोर जर्मन पंडितांनी हा अंक बुद्धनिर्वाणापासून लोटलेल्या वर्षांचा मानला. तो अर्थ टिकता तर बुद्धकालाच्या निश्चितीचा प्रश्न एका ओळीत सुटला असता. त्याचा मोह पडणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु सहसरामच्या लेखात अंकाबरोबर शब्दही आहेत, आणि त्यांत 'लाति', म्हणजे रात्री, हा शब्द आहे. राजा घराबाहेर, दौऱ्यावर असताना २५६ रात्री झाल्या, एवढाच त्याचा अर्थ, हे मत पुढे मान्य झाले. एका शब्दाने अडीच शतकांच्या रात्री केल्या!

आजही विहारांच्या कोनशिलांवर, लग्नपत्रिकांवर व दिनदर्शिकांवर बुद्धाब्दाचा अंक दिसतो. २०२४ च्या वैशाख पौर्णिमेपासून श्रीलंकेच्या गणनेने २५६८ वे वर्ष लागले. थायलंडच्या दिनदर्शिकेवर तेच साल २५६७ होते. आपल्याकडे दोन्ही अंक चालतात, आणि कोणता कोणत्या गणनेचा हे क्वचितच लिहिलेले असते. पत्रिका लग्नानंतर टाकून दिली जाते, म्हणून तेथे फारसे बिघडत नाही. कोनशिला मात्र शे-दोनशे वर्षे राहते, आणि ती वाचणाऱ्याजवळ दुसरे साधन असेलच असे नाही.

या बाबतीत आपल्याच प्रदेशातील जुने लोक अधिक दक्ष होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्यात वर्ष ४२, वैशाख मास, असा काळ दिला असून संघाच्या नावे ठेवलेली ३००० कार्षापणांची ठेव प्रथम अक्षरांत व लगेच अंकांत लिहिली आहे, आपण आज धनादेशावर लिहितो तशी. यांपैकी २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज वापरावयाचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. आम्ही हिशेब करून पाहिला. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेवढेच, एक कार्षापण कमी नाही की जास्त नाही. उरलेल्या हजाराचे वर्षाचे व्याज ९० येते; ते भिक्षूंच्या इतर किरकोळ खर्चासाठी होते.