मजल, मुक्काम आणि शिदोरी : येडशीभोवतीच्या एका दिवसाच्या प्रवासाचा इतिहास

१/
सुट्टीचे तीन-चार दिवस हाती असले आणि मोटार दाराशी उभी असली, की पहिला प्रश्न अंतराचा पडतो : सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल, असे काय काय आहे? दुसरा प्रश्न जेवणाचा. हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे मानतो. दख्खनच्या रस्त्यांचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो मुळात एकच प्रश्न आहे असे दिसते. आजचा धागा त्याविषयी. त्याचे केंद्र आहे धाराशिव जिल्ह्यातील येडशी.

२/
येडशीच का? सोलापूर–धुळे महामार्ग आणि बार्शी–लातूर रस्ता येथे एकमेकांस छेदतात. गाव बालाघाटाच्या रांगेत वसले आहे. शेजारच्या दरीत रामलिंगाचे देवालय आहे आणि भोवती १९९७ साली घोषित झालेले, सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. येथून धाराशिव व तेर वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात, बार्शी तिसाच्या आसपास आणि तुळजापूर चाळिसाच्या आसपास येते. एका गावी मुक्काम ठेवून रोज वेगळी दिशा धरावी, यासाठी ही जागा सोयीची आहे.

३/
आधी एक शब्द पाहू. ‘मजल दरमजल करीत’ असे आपण म्हणतो. ‘मजल’ म्हणजे अरबी ‘मंझिल’. मूळ अर्थ उतरण्याची जागा : जेथे प्रवासी वाहनावरून खाली उतरतो, जनावर सोडतो, चूल मांडतो. अंतर हा अर्थ मागाहून आला. म्हणजे आपल्या भाषेत प्रवासाचे एक माप थांबण्यावरून पडले आहे. किती चाललो याआधी कोठे थांबलो हे मोजले जाई.

४/
याचा सर्वांत जुना लेखी पुरावा येडशीच्या शेजारचाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत म्हटले आहे, की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे फार मोठे नगर आहे. या नगरांतील माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला येतो. हे तगर म्हणजे आपले तेर, हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी साधार मांडले.

५/
आता नकाशा उघडून ताडून पाहा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर साधारण ३५० किलोमीटर आहे. त्यास वीस दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसतरा. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर. त्यास दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. दिशेच्या बाबतीत लेखक थोडा चुकला आहे, कारण तेर पैठणच्या आग्नेयेस येते. दोन्ही टप्प्यांची दिवसाची चाल मात्र जवळपास सारखी निघते. वळणे धरली, तर प्रत्यक्ष वाट वीस किलोमीटरच्या पुढे जाई. भरलेल्या गाडीची मजल ती एवढी.

६/
ही मजल कोणी ठरवली? बैलाच्या पोटाने. रवंथ करणाऱ्या जनावराला चरायला वेळ लागतो आणि जवळजवळ तितकाच रवंथ करायला. दोन्हींसाठी त्याचे जू उतरवावे लागते. त्यात दुपारचे ऊन. म्हणून पहाटे जुंपायचे, उन्हे चढली की सोडायचे, उन्हे कलल्यावर पुन्हा थोडे चालायचे. मुक्कामाला पाणी हवे, वैरण हवी, सावली हवी. बालाघाटासारख्या कमी पावसाच्या मुलखात ही तिन्ही जेथे एकत्र सापडत, तेथे बारव, धर्मशाळा आणि बाजार एकमेकांच्या आधाराने उभे राहत.

७/
गणिताचा एक वानोळा : तेर आणि येडशी यांच्यातील अंतर म्हणजे बैलगाडीची साधारण एक मजल. आज आपण ज्याला ‘जाऊन येऊन अर्ध्या दिवसाचे काम’ म्हणतो, तो एके काळी व्यापाऱ्याचा संपूर्ण दिवस होता. त्या दिवसात एकदा शिदोरी सोडली जाई आणि एकदा चूल पेटे.

८/
सतराव्या शतकात याच पद्धतीचे बारकाईने वर्णन केले ते एका फ्रेंच माणसाने. जाँ बाप्तिस्त टॅव्हर्निये हा हिऱ्यांचा व्यापारी. सुरतेहून गोवळकोंड्यापर्यंत तो दख्खनमधून हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानात प्रवास कसा करावा, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. मोटारींच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी एका फ्रेंच प्रवाशाने आपल्या खेड्यापाड्यांतून गाडीने कसे फिरावे, याची ती मार्गदर्शिकाच म्हणावी.

९/
टॅव्हर्नियेची हलकी गाडी दोन माणसांची आणि दोन बैलांची. भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. चांगले बैल रोज बारा ते पंधरा लीग दुडकतात आणि दोन महिनेही तो वेग टिकवतात, असे तो सांगतो. म्हणजे दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, मालाच्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट. पण त्याची किंमत तो लगेच नोंदवतो. अर्धी वाट झाली, की बैलांना कणकेत लोणी-तूप व काळा गूळ कालवून केलेले दोन-तीन गोळे द्यायचे. संध्याकाळी भरडलेले हरभरे अर्धा तास पाण्यात भिजवून द्यायचे. मजल वाढवायची, तर आधी खुराक वाढवावा लागे.

१०/
स्वतःच्या जेवणाचाही त्याने हिशेब ठेवला आहे. मोठ्या गावी मुसलमान अधिकारी असेल, तर मेंढी, कोंबडी, कबुतर विकत मिळते. वस्ती केवळ वाण्यांची असेल, तर पीठ, तांदूळ, भाजी आणि दूध एवढ्यावर भागवावे लागते. पुढच्या गावी कोण राहते, यावर आज ताटात काय पडणार हे ठरे. मुक्काम निवडणे म्हणजेच जेवण निवडणे, ही गोष्ट या परदेशी माणसाच्या लक्षात आली होती.

११/
आणि रस्त्यावरची कोंडी? तीही होती. धान्य, मीठ वाहणारे लमाणांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे अरुंद वाटेवर समोरून आले, तर ते पार होईपर्यंत कधी दोन-तीन दिवस थांबावे लागे, असे टॅव्हर्निये लिहितो. अशा वेळी जवळ असेल तेच अन्न. म्हणून सुज्ञ प्रवासी एका दिवसाची वाट असली, तरी दोन दिवसांची शिदोरी बांधी.

१२/
मराठी शिदोरीचा सर्वांत विचारपूर्वक केलेला पदार्थ म्हणजे दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे. त्यामुळे ती मऊ राहते, टिकते आणि पाण्यात शिजलेल्या अन्नाचा खरकट्याचा विटाळही तिला लागत नाही. वाटेत सोवळे सांभाळणाऱ्यांची अडचण त्याने सुटे. धर्मनियम आणि टिकाऊपणा या दोन्ही गरजा एकाच पदार्थाने भागवल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, गुळाचा खडा. आमच्याकडे त्यात धपाटेही आले.

१३/
तीर्थयात्रेत जेवणाची वेळ थेट पंचांगाशी बांधलेली असे. बार्शीचे भगवंताचे मंदिर अंबरीष राजाच्या कथेशी जोडले जाते. त्या कथेतला सारा पेच द्वादशीचे पारणे वेळेत सोडण्याचा आहे. तुळजापूरला जायचे, तर नवरात्राआधी आणि दसऱ्यानंतर देवी मंचकी निद्रा घेते, ते दिवस लक्षात ठेवावे लागत. आजही ठेवावे लागतात.

१४/
मजलेचे हे गणित प्रथम मोडले ते रेल्वेने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. पुढे ती येडशी, तडवळे करीत १९११ साली लातूरला गेली. दोन-तीन मजलांची वाट एका दिवसात आली. थांबण्याची जागा आता पाण्या-वैरणीऐवजी स्थानकाच्या फलकावरून ठरू लागली. रुळांवर असलेली गावे जवळ आली. रुळांपासून दूर राहिलेली गावे अंतर तेवढेच असूनही लांब पडली.

१५/
या प्रवासात एक सरहद्दही होती. बार्शी इंग्रजी मुलखात, येडशी निजामाच्या. तीस किलोमीटरच्या आत राज्य बदले, जकातीचे करोडगिरी खाते आडवे येई आणि नाणेही बदले. निजामाचा हाली सिक्का वेगळा होता. शंभर कलदार रुपयांना साधारण एकशे सोळा-सतरा हाली रुपये पडत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. आज आपण बार्शीला जेवून येडशीला परततो, तेव्हा ती रेषा कोठे ओलांडली हे कळतही नाही.

१६/
मग मोटार आली. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. बसस्थानकाचे उपाहारगृह हा नवा मुक्काम झाला. कोठे आणि किती मिनिटे थांबायचे, हे आता वेळापत्रक सांगू लागले.

१७/
याच सुमारास फ्रान्समध्ये उलट दिशेने विचार चालला होता. मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी एक पुस्तिका छापून फुकट वाटली. प्रती ३५,०००, आणि त्या वेळी देशात मोटारी जेमतेम तीन हजार! लोक अधिक फिरले, तर टायर अधिक झिजतील, हा साधा व्यापारी हिशेब. इंधन, दुरुस्ती, उतरण्याची जागा यांची माहिती त्यात होती. १९२६ पासून खानावळींना तारे मिळू लागले.

१८/
त्या ताऱ्यांचे अर्थ १९३६ साली छापले गेले. त्यांतले वरचे दोन रस्त्याच्या भाषेत आहेत. एक तारा : आपल्या वर्गातील फार चांगली खानावळ. दोन तारे : वाट वाकडी करून जावे. तीन तारे : केवळ त्यासाठी प्रवास करावा. म्हणजे मोटारीच्या युगातही, अगदी फ्रान्समध्येही, जेवणाचे मोल ‘किती वाट वाकडी करावी’ यावरच ठरले. आपली मजल आणि त्यांचा तारा एकाच जातीचे.

१९/
हे तत्त्व येडशीस लावून पाहू. पहिला दिवस तेरचा. सकाळी रामलिंग. जटायू येथे पडला, अशी या स्थानाची आख्यायिका आहे. श्रावणात गर्दी फार. मग शिदोरी घेऊन तेर : विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर, तेरणेकाठी गोरोबाकाकांचे स्थान आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय. उघडण्याचा वार आधी विचारून घ्यावा. शिदोरी गावात सोडावी, वाटेत नव्हे.

२०/
दुसरा दिवस तुळजापूर आणि नळदुर्ग. दर्शन पहाटे, जेवण तुळजापुरात आणि मग किल्ला. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला तेथील पाणीमहाल पाहावा तो पावसाळ्यात, बांधावरून नर-मादी धबधबे कोसळत असताना. ही वाट लांबची आहे. परतीसाठी दिवस शिल्लक ठेवावा.

२१/
तिसरा दिवस बार्शी आणि परांडा. १६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परांड्यास होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १६३२ पर्यंत येथेच होती. ती ओढून नेण्यास चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे परंपरा सांगते. त्या बैलांच्या वैरणीचा हिशेब कोणी ठेवला असता, तर तो वाचण्याजोगा झाला असता. थंडीत जात असाल, तर बार्शीकडच्या ज्वारीचा हुरडा चुकवू नये. कुंथलगिरीचा पेढा वाट वाकडी करण्याजोगा.

२२/
या इतिहासातून घ्यायचे ते काय? जुना प्रवासी आधी बैलाचे जेवण ठरवी, मग स्वतःचे, मग वाट. आज बैलाच्या जागी चालक आहे. आपण मात्र आधी स्थळांची यादी करतो, मग वाट आखतो आणि चालकाच्या जेवणाचा व झोपेचा विचार सर्वांत शेवटी. भर दुपारी पोटभर जेवून चौपदरी रस्त्यावर लगेच चाक हाती घेणे, हे सोडलेला बैल रवंथ होण्याआधी पुन्हा जुंपण्यासारखेच. जुन्या काळी बैल बसकण मारी आणि धनी सावध होई. डुलकी लागलेल्या चालकाचा इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असतो.

२३/
आणखी एक गोष्ट. रस्त्याकाठची गावे थांबणाऱ्यांवर जगली, जाणाऱ्यांवर नव्हे. आता महामार्गावरून येडशी काही मिनिटांत मागे पडते, तेरचा फाटा तर लक्षातही येत नाही. ज्या नगराचे कापड एके काळी भडोचच्या बंदरातून समुद्रापार गेले, त्याच्या वाट्याला आज एका जेवणापुरता थांबणारा प्रवासीही क्वचित येतो. दिवसाला एकच दिशा, एकच मोठे स्थळ आणि त्याच गावात एक जेवण, एवढा नियम पाळला तरी मजलेचा मूळ अर्थ पाळल्यासारखा होईल : उतरण्याची जागा.

२४/
आपल्या गावापासून एक मजलेवर, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर, जुनी बारव, धर्मशाळा किंवा बाजाराची जागा आहे का, नकाशा घेऊन पाहा. बहुधा सापडेल. सापडल्यास या धाग्याखाली गावाच्या नावासह अवश्य लिहा. मजलांची ही साखळी जुळवता आली, तर आपल्याच जिल्ह्यांच्या जुन्या वाटा पुन्हा उजेडात येतील.