बिंदूंपासून पृष्ठापर्यंत : त्रिमिती प्रतिमानाची साधनचिकित्सा

वास्तूंची व मूर्तींची त्रिमिती प्रतिमाने आता इतिहासाची साधने म्हणून पुढे येऊ लागली आहेत. त्यांचे प्रामाण्य ठरविण्यापूर्वी ती कशी घडतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रकाशीय यंत्र अखंड पृष्ठ मोजीत नाही. पृष्ठावरील सुट्या बिंदूंची स्थाने तेवढी मोजते. एका जागेवरून सर्व बाजू दिसत नसल्यामुळे अनेक जागांवरून मापे घ्यावी लागतात. ती परस्परांशी जुळविण्याची बहुप्रचलित रीत बेसल व मॅके यांनी १९९२ साली मांडली. बिंदूंवरून पृष्ठ रचण्याचे काम मात्र सॉफ्टवेअरचे होय, आणि अनुमानाचा प्रवेश होतो तो येथेच.

१९९६ साली कर्लेस व लेव्हॉय यांनी अवकाशाचे तीन भाग मानले : मोजलेल्या पृष्ठालगतचा, रिकामा आढळलेला आणि मुळीच न दिसलेला. शेवटच्या दोहोंच्या सीमेवर पृष्ठ कल्पून त्यांनी भोके बुजविली. तथापि बुजविलेला भाग मोजलेल्या भागापासून वेगळा ओळखता येत असे. लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९ मध्ये फ्लॉरेन्स येथील मायकेलँजेलोच्या 'डेव्हिड' पुतळ्याचे सुमारे पाव मिलिमीटर सूक्ष्मतेने मापन झाले. पुढे २००६ साली कझदान, बोलिथो व हॉप यांनी पॉइसाँ समीकरणावर आधारलेली रीत दिली. तिने मापे विरळ असतील तेथेही सलग, गुळगुळीत पृष्ठ उभे राहते. पाहणाऱ्याला हे सोयीचे वाटते. संशोधकाला मात्र पुरावा कोठे संपला, हे त्यावरून कळत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून तेथे उत्तरेश्वराचे मंदिर आहे. अशा एखाद्या मंदिराचे मापन योजिले, तर खांबांमागील अंधाऱ्या कोपऱ्यांतून यंत्राला पुरेसे बिंदू मिळणार नाहीत. महाराष्ट्रातील अनेक ग्रामदेवतांवर तर शेंदराची पुटेच्या पुटे चढलेली असतात. तेथे प्रकाश पुटावरूनच परततो. प्रतिमान मिळते ते पुटाचे, पाषाणाचे नव्हे. त्यावरून मूर्तीची शैली व काळ ठरविणे म्हणजे श्रद्धेच्या थरांना शिल्पकाराची छिन्नी समजणे होय.

शिलालेखाचा साक्षेपी संपादक झिजलेली अक्षरे स्वतः पुरवितो तेव्हा ती कंसात घालतो, आणि शिळेचा ठसा जपून ठेवतो. हाच दंडक येथे लागू केला पाहिजे. मूळ बिंदुमापे जतन करावी, सॉफ्टवेअरची रीत व तिची परिमाणे नोंदवावी, पुरविलेले पृष्ठ निराळ्या रंगाने दाखवावे. मूळ वास्तू ढासळल्यावर पुढील पिढीच्या हाती केवळ प्रतिमान उरेल. त्यात दगड किती व तर्क किती, हे सांगण्याची जबाबदारी आजच्या संशोधकावरच आहे.